पोटाखालची कंबर

आमच्या जावईबापूंच्या कात्रीच्या खणात कात्री कमी आणि बिस्किटांचा चुरा जास्त असायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारी जावयाच्या वाईटावर उठली आहे. मी कुणाच्या वाईटावर नाही. पण मला नाक आहे, डोळे आहेत, आणि या वयातही दोन्ही धड आहेत, एवढाच माझा गुन्हा.

जावई शिंपी. पॅंट शिवण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नाही, हे मीही मानते. दुकान खाली, घर वर, मधे लाकडी जिना. पुढच्या भागात कापायचं मोठं टेबल, उभा आरसा आणि कपडे घालून बघायला एक पडदा. मागच्या भागात दोन मशिनं, इस्त्री आणि माझी खुर्ची. लेक मशिनवर बसते, मी काज-बटण आणि हातशिलाई करते. माझे हे गेल्यावर लेक म्हणाली, आई, एकटी कशाला राहतेस, ये इकडे. आले. जावयाच्या घरात राहायचं म्हणजे तोंडाला टाके घालून राहायचं, आणि टाके घालायला मला चांगले येतात. म्हणून पुष्कळ दिवस गप्प होते.

पण किळस गप्प बसत नाही. ती घशाशी येऊन थांबते. सकाळचा चहा झाला की खणातली बिस्किटं सुरू. हात खणात, डोळे कापडावर, तोंड चालू. मधल्या वेळेला कोपऱ्यावरच्या दुकानातलं तळलेलं काहीतरी, कागदाच्या पुडीत, आणि पुडी तेलाने अशी भिजलेली की पलीकडचं दिसावं. ती पुडी कुठे ठेवायची, तर गिऱ्हाइकाच्या कापडावर. डाग पडला की त्यावर खडूची पूड घासायची आणि म्हणायचं, कापडच असं आलंय. संध्याकाळी बाटलीतलं गोड रंगीत पाणी, आणि त्यामागोमाग ढेकर. माणसाने ढेकर देताना निदान तोंड तरी वळवावं. हे गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता सरळ त्याच्या गळ्यापाशी ढेकर द्यायचे आणि गिऱ्हाईक बापडं छताकडे बघत उभं राहायचं.

चालणं म्हणाल तर टेबलापासून मशिनपर्यंत. जिना चढायचा कंटाळा, म्हणून जेवण लेक खाली आणून द्यायची. मीठ पुरत नाही म्हणून बरणीच टेबलावर ठेवलेली. जेवण झालं की ताट बाजूला सारून तिथेच डोकं टेकायचे आणि घोरायला लागायचे. ते घोरणंही मधेच बंद पडायचं. आम्ही दोघी सुया हातात धरून थांबायचो. मग गुदमरल्यासारखा एक आवाज यायचा आणि पुन्हा सुरू. लेक सुस्कारा सोडून मशीन चालवायला लागायची. मला वाटायचं, या पोरीने लग्न केलंय की पहारा पत्करलाय.

त्यांच्या मानेवर मागच्या बाजूला काळा पट्टा होता. जाडसर, मखमलीसारखा. मला वाटलं मळ. लेकीला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, नवऱ्याची मान घास जरा. शिंप्याची कॉलर लोक आधी बघतात." ती बिचारी खरखरीत फडकं घेऊन घासत बसली. कातडी लाल झाली, सोलवटली, पट्टा जागचा हलला नाही. आणि दुकानामागच्या मोरीत मुंग्या. जावई लघवीला जाऊन आले की कडेकडेने मुंग्यांची रांग. मी पाणी ओतायचे, थोड्या वेळाने पुन्हा रांग. इथे साखर कुणी सांडली, असं मी मनाशी म्हणायचे, आणि मग एक दिवस डोक्यात उजेड पडला, ही साखर लघवीतलीच, तेव्हापासून जेवण जाईना.

आता आमच्या दुकानाची रीत सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यात आहे. पॅंट जिथे बसते तिथे कंबर, हे जावयांचं शास्त्र. पोट सुटलं की पॅंट घसरते, पोटाच्या खाली जाते आणि हाडावर टेकते. तिथे माणूस फारसा फुगत नाही. तिथेच टेप लावायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "चौतीस." टेपच्या वर मोठं पोट लोंबतंय, ते कुणी मोजायचं नाही. आणि एखादा तिथेही सुटलेला असला, तर जावई "छत्तीस" म्हणायचे आणि मागे वळून माझ्याकडे बघत एक डोळा मिटायचे. म्हणजे आई, दोन वाढवून लिहा. मी कापडाच्या कोपऱ्यावर खडूने अडतीस लिहायचे. गिऱ्हाईक आरशात बघत पोटावरून हात फिरवायचं आणि म्हणायचं, "बघा मास्तर, कॉलेजात होतो तेव्हाचीच कंबर." बँकेतले एक साहेब तर दर वेळी हेच म्हणायचे. त्यांना बसायला दिलेली खुर्ची त्यांच्याबरोबर उठायची, पण कंबर चौतीस.

एक दिवस जावयांना कापता कापता घेरी आली. पडले नाहीत, टेबल धरून उभे राहिले आणि पुन्हा कापायला लागले. नंतर लेक शिवायला बसली तेव्हा कळलं की पॅंटचे दोन्ही पाय डावेच कापलेत. चांगलं भारी कापड होतं. जावई म्हणाले, डोळ्यापुढे जरा धुरकट झालं होतं. त्या दिवशी मी तोंडाचे टाके उसवले. म्हटलं, "जावईबापू, तुम्ही माझ्या लेकीचे नवरे आहात म्हणून मान देऊन सांगते. आता डॉक्टरकडे चला, नाहीतर मी माझी पिशवी भरते." पिशवी भरून मी कुठे जाणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. पण चालले एकदाचे.

डॉक्टरीण तरुण होती, आमच्याच रस्त्याला तिचा दवाखाना. रक्त आधी देऊन आलो होतो, त्याचा रिपोर्ट तिच्या पुढ्यात होता. लॅबवाल्याने म्हणे नळी उभी ठेवली तर वर साय धरल्यासारखं पांढरं आलं होतं. माणसाच्या रक्तावर साय. जावई भिंतीवरचं चित्र बघत होते.

"उभे राहा," डॉक्टरीण म्हणाली. खिशातून टेप काढली, यांचा सदरा वर केला आणि बेंबीपाशी टेप लावली.

"मॅडम, हे काय मोजताय?" जावई म्हणाले.

"कंबर."

"कंबर इथे नसते."

"मग कुठे असते?"

जावयांनी अंगठा पट्ट्यात घातला, तिथे खाली, पोटाच्या सावलीत. "इथे असते. मी शिंपी आहे. आयुष्य गेलं माझं यात. लग्नात चौतीस होती, आजही चौतीस आहे. घ्या मोजून."

"लग्नातली पॅंट कुठे बसायची?"

"वर, बेंबीपाशी," लेक पटकन बोलून गेली आणि मग जीभ चावली.

डॉक्टरीण हसली नाही. टेपकडे बघून म्हणाली, "एकशे बारा." जावई माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा आई, आकडा मोठा दिसावा म्हणून सेंटिमीटरमध्ये सांगतात." मी मनातल्या मनात इंच केले. चव्वेचाळीस होत होते.

ती बसली आणि तिने नीट समजावून सांगितलं. पोटावरची चरबी, रक्तदाब, रक्तातली साखर, वाईट चरबी जास्त, चांगली चरबी कमी. यातले तीन सापडले तरी काळजी करायची असते, यांच्यात पाचही होते. याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात म्हणाली. "तुम्हाला वाटतं बीपी वेगळं, साखर वेगळी, मानेवरचा पट्टा वेगळा. तसं नाही. ही एका पोटची भावंडं आहेत. आणि पोट कुठलं, ते तुमच्यासमोर आहे. साखर तर कित्येक वर्षं वाढलेली असणार. हृदय, मूत्रपिंड, डोळे, पायाच्या नसा, सगळीकडे ती जाते." मानेवरचा पट्टा मळ नाही हे तेव्हा कळलं. लेकीने मान खाली घातली. तिने किती घासलं होतं ते मला माहीत होतं.

मग डॉक्टरिणीने यांना पलंगावर झोपवलं, डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक जाड दोरा तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. "लागलं की सांगा." जावई गप्प. ती टेकवत होती, आम्ही बघत होतो, जावई डोळे मिटून वाट बघत होते. शेवटी म्हणाले, "सुरू करा ना."

"झालं करून," ती म्हणाली. "तुमच्या पायांना कळत नाही. दुकानात अनवाणी फिरू नका. रोज तळपाय बघा. काही लागलं, तर लगेच या. पाय गमावतात माणसं यात." ती तोंडावर बोलली हे बरं केलं. कापणारा शिंपी उभ्यानेच कापतो. पाय गेला तर दुकान गेलं, आणि वरच्या दोन खोल्या दुकानावरच उभ्या आहेत. लेकीचा चेहरा पांढरा पडला.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता जावई म्हणाले, "जिला कंबर कुठे असते ते माहीत नाही, ती माझं रक्त काय बघणार?" आणि त्यांना स्वतःचाच विनोद इतका आवडला की कठडा धरून हसले. तिथेच माझ्या लक्षात आलं की आता हे सगळं वाया गेलं.

झालंही तसंच. तो किस्सा दुकानात रोज व्हायला लागला. गिऱ्हाईक आलं की माप घेता घेता जावई सुरू करायचे. डॉक्टरीण कशी टेप घेऊन आली, कशी बेंबीपाशी लावली, मग आपण कसा अंगठा घातला. त्या जागी आले की खरोखर अंगठा पट्ट्यात घालायचे आणि विचारायचे, "सांगा साहेब, कंबर कुठे असते?" गिऱ्हाईक आपल्या पोटाखाली बोट दाखवायचं. मग दोघांची पोटं हसून हसून हलायची. माझी लेकही हसायची. नवऱ्याच्या विनोदाला हसलं नाही तर तो बायकोला काय म्हणेल, म्हणून हसायची. मला त्या हसण्याचाही वीट आला. गोळ्यांची पाकिटं खणात पडली होती, बिस्किटांच्या चुऱ्यात. मुंग्यांनीसुद्धा बिस्किटंच पसंत केली.

आणि किस्सा नुसता सांगून भागेना. त्याला एक शेवट जोडला. शिंप्याच्या दुकानात जमिनीवर टाचण्या पडतातच, काही केलं तरी पडतात. जावई चप्पल काढायचे आणि त्या टाचण्यांवरून इकडून तिकडे चालून दाखवायचे. "ती म्हणते दोरा लागला पाहिजे. अहो, मला टाचणी लागत नाही. कामाचा माणूस आहे मी, चामडी तयार झालीय." बँकेतल्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. रोग बोंबलून सांगतोय मी आलोय, आणि हे त्याचा खेळ करून दाखवतात, लोक टाळ्या वाजवतात. मी खाली वाकून टाचण्या गोळा करायचे, तर जावई म्हणायचे, "राहू द्या आई, नंतर." तुमच्यासाठी नाही वेचत, माझ्या लेकीला टोचतील म्हणून वेचते, असं म्हणायचं अगदी ओठांवर यायचं.

मग दुकानात वास यायला लागला.

आधी गोडसर, मग कुजका. मला वाटलं कापडाच्या गाठोड्यांमागे उंदीर मेलाय. सगळी गाठोडी काढली, शेल्फ पुसलं, मशिनांच्या मागे हात घातला. उंदीर नाही. जावई म्हणाले, "खळीचा वास असेल." खळ आम्ही कधीच वापरत नाही, तयार अस्तर आणतो. लेक अत्तर शिंपडायला लागली. कुजकट वासावर फुलांचा वास, त्यावर तळलेल्याचा वास. एक गिऱ्हाईक पडद्यामागे गेलं आणि पॅंट न घालताच, "घरी घालून बघतो," म्हणून निघून गेलं. मी दारापाशी जाऊन उभी राहायचे आणि परत यायचे.

एकदा वास कुठून येतो ते शोधत मी खाली वाकले. जावई मशिनवर बसून शिलाई तपासत होते. वास वर नव्हता, खाली होता. पायांशी. उजव्या पायात दोन मोजे, एकावर एक. वरच्याचाही रंग ओला, पिवळट.

"जावईबापू, मोजा काढा," मी म्हटलं.

"आई, तुम्ही कशाला..."

"काढा म्हणते ना."

ते वाकले. वाकले म्हणजे काय, पोट मांडीवर आलं आणि हात गुडघ्यापाशी थांबला. त्यांना स्वतःचा पाय गाठता येत नव्हता. तळपाय रोज बघा म्हणाली होती ती, आणि या माणसाला आपलं पाऊल बघून किती काळ लोटला असेल ते त्यालाच ठाऊक. लेक माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. "आई, मी पावडर लावते आहे," ती हळूच म्हणाली. "थोडी जखम आहे. ते म्हणाले कुणाला सांगू नकोस." पाठीमागून तिचा आवाज ऐकला आणि मला तिचीही शिसारी आली. पोटच्या पोरीची. पावडर लावते म्हणे.

मी जमिनीवर बसले, वरचा मोजा ओढला आणि मग आतला काढला. चिकटला होता. सोलून काढावा लागला. जावई वर बसून म्हणत होते, "काय एवढं, दुखत नाही मला." खरंच दुखत नव्हतं त्यांना, तेच तर भयंकर होतं. अंगठ्याच्या खाली मांस काळं झालेलं, कडा पांढऱ्या आणि फुगलेल्या, मधून पाणी येतंय. आणि त्या घाणीच्या मधोमध निळा ठिपका. मी आधी फडक्याने पुसायला गेले. तो हलला नाही. ती आमचीच निळ्या मण्याची टाचणी होती, मण्यापर्यंत आत गेलेली. तिच्यावर उभं राहून या माणसाने पॅंटा कापल्या होत्या, किस्से सांगितले होते.

मी मोरीत जाऊन ओकले. तोंड धुतलं आणि रिक्षा बोलवायला बाहेर पडले.

हॉस्पिटलमधल्या सर्जनने पाय पाहिला, फोटो काढला, आणि सांगितलं की पाचही बोटं आणि पंजाचा पुढचा भाग काढावा लागेल, सडणं हाडात गेलंय. लेक भिंतीला टेकली. जावयांनी मात्र धंद्यातला माणूस भेटल्यासारखं विचारलं, "किती कापणार? जरा मार्जिन ठेवा डॉक्टर." शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतात ना, पुढे उसवून वाढवायला, ते मार्जिन.

सर्जन म्हातारा होता, थकलेला. म्हणाला, "तुमचं मार्जिन वेगळं, आमचं वेगळं. तुम्ही चांगलं कापड जास्तीचं आत ठेवता. आम्हाला चांगलं मांस जास्तीचं कापून टाकावं लागतं, नाहीतर सड वर चढते. आणि उरलेला पाय राहायचा की नाही, ते माझ्या हातात नाही. ते तुमच्या साखरेवर आहे आणि या पोटावर आहे." त्याने यांच्या पोटाकडे बोट केलं. जावई पोटावर चादर ओढून पडून राहिले. मला त्या वेळी पहिल्यांदा त्यांची दया आली. चादर ओढली तरी ते पोट लपत नव्हतं.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर लेकीने खण रिकामा केला. बिस्किटं, चुरा, मुंग्या, सगळं. खण उन्हात धुतला. गोळ्या डबीत, डबी तिच्या मशिनवर, आणि तिच्यासमोर गिळायच्या. मीठ वर गेलं, बाटल्या गेल्या. जावई कुरकुरले, पण पायाच्या बँडेजकडे बघून खायचे. ती रोज त्यांचा उरलेला पाय मांडीवर घेऊन आरसा धरून तळवा तपासायची. तिचा चेहरा वाकडा व्हायचा, तरी तपासायची. मी म्हटलं, चला, पोरगी जागी झाली.

पण लोक. लोकांना काय म्हणावं? भेटायला येताना जो तो गोडाचा डबा घेऊन येई. साखरेने ज्याचा पाय नेला त्याला बघायला साखर घेऊन यायचं. केक, क्रीमची बिस्किटं, पाकातलं काहीबाही. मी ते सगळं मागच्या मागे वाटून टाकायचे. बँकेतले साहेब आले ते मात्र सरळ दुकानात, मोठा डबा घेऊन, आणि नव्या पॅंटचं मापही द्यायला. जावई तेव्हा नुकतेच पुन्हा टेबलापाशी उभे राहायला लागले होते. खास करून घेतलेला बूट, त्यात पुढे कापूस, काखेत कुबडी. टेप गळ्यात.

साहेबांनी डबा उघडून टेबलावर ठेवला, आपल्याच नव्या कापडावर. "घ्या मास्तर, तोंड गोड करा. एवढ्याने काय होतंय." जावयांनी लेकीकडे बघितलं. ती मशिनवर मान खाली घालून होती. जावयांनी एक तुकडा उचलला. मग दुसरा. क्रीम मिशीला लागलं. माझ्या हातात सदऱ्याचं बटण होतं, ते मी इतकं घट्ट धरलं की बोटाला वळ उठला.

"काय मास्तर, ती डॉक्टरीण भेटली की नाही पुन्हा?" साहेब डोळे बारीक करून म्हणाले. "कंबर सापडली का तिला?"

आणि जावई फुलले. खरंच फुलले, इतक्या दिवसांनी. कुबडी टेबलाला टेकवली, एका हाताने टेबल धरलं आणि सुरू केलं. टेप घेऊन आली, बेंबीपाशी लावली, सगळं तेच. शब्दही तेच. मग क्रीमचा अंगठा पट्ट्यात घातला आणि म्हणाले, "सांगा साहेब, कंबर कुठे असते?"

साहेब हसले. मी लेकीकडे बघितलं, कारण आता तिच्या हसण्याची पाळी होती. मशीन थांबलं. ती उठली, पुढे आली, जावयांच्या गळ्यातली टेप ओढून काढली आणि त्यांच्या पोटाभोवती घातली. खाली नाही. बेंबीपाशी. अगदी गिऱ्हाइकाचं माप घेतात तशी, दोन बोटं आत घालून टेप ओढली, घट्ट केली नाही, सैल सोडली नाही. जावई हात वर करून तसेच उभे राहिले. सवयच ती, टेप लागली की माणूस हात वर करतो.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली. दुकानाच्या आवाजात, खणखणीत, रस्त्यावर ऐकू जाईल असं. "आई, लिही."

मी खडू उचलला.

"अगं," जावई दबक्या आवाजात म्हणाले, "दोन कमी सांग. साहेब ऐकतायत."

मी त्यांच्या बुटाकडे बघितलं, पुढे कापूस भरलेल्या. इतकी वर्षं मान देऊन बोलत आले, तेव्हाही मान सोडला नाही. म्हटलं, "जावईबापू, कमी करून झालंय. अर्धं पाऊल कमी झालंय तुमचं. अजून कुठून कमी करायचं, तेवढं सांगा, तसं लिहिते."

जावयांचा हात मिशीकडे गेला, क्रीम पुसून खाली आला. बँकेतल्या साहेबांनी दोन्ही हातांनी आपला पट्टा धरला आणि वर ओढून बघितला. तो बेंबीपर्यंत येईना. लेक टेप गुंडाळत त्यांच्याकडे वळली आणि म्हणाली, "हात वर करा, साहेब."

मी जावयांचे चव्वेचाळीस त्या डब्याखालच्या कापडावर लिहिले, साहेबांच्याच कापडावर, आणि डबा उचलून मागच्या दाराने कचऱ्यात टाकून आले.